याकोबी चर्चचा ऑर्गन 1693 चा म्हणावा का?

प्रश्न असा आला आहे: हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधील मोठा ऑर्गन आर्प श्निटगर या कारागिराने 1693 साली पूर्ण केला, असे जिथे तिथे लिहिलेले असते, पण ते चर्च दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले होते, ऑर्गनचे आज दिसणारे लाकूडकाम आणि समोरच्या चकचकीत नळ्या उघडच अलीकडच्या आहेत, आणि त्याच चर्चमध्ये दुसराही एक ऑर्गन आहे. मग जुने नेमके काय उरले, आणि एकाच चर्चला दोन ऑर्गन कशाला हवेत? जर्मनीच्या उत्तर भागातल्या जुन्या ऑर्गनांच्या दुरुस्तीत आणि जुळवणीत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. चर्चच्या दारातून आत येणारा जवळजवळ प्रत्येक चौकस पाहुणा तो विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

थोडक्यात सांगायचे तर, या ऑर्गनमध्ये डोळ्यांना जे दिसते ते बहुतेक सगळे 1993 चे आहे आणि कानांवर जे पडते त्यातले बरेचसे सतराव्या शतकातले, काही तर त्याहूनही जुने आहे. ऑर्गनचे वय ठरवताना दिसण्यापेक्षा ऐकण्याला वजन द्यावे, असे माझे मत आहे, आणि ते का हे समजण्यासाठी या वाद्याची रचना थोडी पाहावी लागते.

मराठी वाचकाच्या मनात ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटकाच्या रंगमंचासमोर असलेला, पायांनी भाता मारून वाजवायचा ऑर्गन उभा राहतो. तो पेटीचाच मोठा भाऊ होय. त्यात पितळी रीड हवेच्या झोताने थरथरतात आणि नळी अशी नसतेच. चर्चमधला ऑर्गन हे मुळात निराळे वाद्य आहे. त्यात प्रत्येक स्वराला आणि प्रत्येक स्वरजातीला स्वतंत्र नळी असते. बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात, म्हणजे ओठाशी हवा कापली जाऊन नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो. काही नळ्यांच्या बुडाशी पितळी जीभ असते आणि वरची नळी त्या जिभेच्या आवाजाला आकार देते. एकाच जातीच्या, लहानापासून मोठ्यापर्यंतच्या नळ्यांच्या संचाला स्टॉप म्हणतात. वादकाने बाजूची खुंटी ओढली की तो संच बोलू लागतो, आत ढकलली की गप्प होतो. या नळ्या ज्या ओकच्या लांबरुंद पेट्यांवर उभ्या असतात, त्यांना आपण वायुपेट्या म्हणू. भात्यांतली हवा तिथे येऊन थांबते. पट्टी दाबली की लाकडी पट्ट्या व तारांच्या साखळीने पेटीतली एक झडप उघडते आणि खुंटी ओढलेल्या सर्व स्टॉपांच्या त्या स्वराच्या नळ्या एकदम बोलतात. हवेचा दाब किती असतो याची पुष्कळांना भलतीच कल्पना असते. अशा ऑर्गनांत तो पाण्याच्या 70 ते 90 मिलिमीटर स्तंभाएवढा, म्हणजे सहज तोंडाने फुंकता येईल इतका असतो. एवढ्याशा दाबावर शेकडो लोकांच्या गायनाला पुरून उरणारा आवाज निघतो, तो नळ्यांच्या संख्येमुळे, त्यांच्या मापांमुळे आणि चर्चच्या दगडी छताखालच्या गुंजनामुळे.

ऑर्गनचा आवाज ठरतो तो नळीचा धातू, तिची जाडी, ओठाची उंची, पायाचे छिद्र आणि वायुपेटीतून हवा किती मोकळेपणाने येते यांवर. बाहेरचे लाकडी आवरण आवाज पुढे फेकते, त्याला एकत्र बांधते, म्हणून ते गौण नाही; परंतु चांगली मापे हाती असतील तर आवरण पुन्हा उभारता येते. हरवलेल्या नळीची मात्र नक्कल करता येते, इतकेच. याकोबीत नळ्या वाचल्या आणि वायुपेट्या वाचल्या, आवरण गेले. नेमके उलटे झाले असते, म्हणजे कोरीव आवरण वाचून आतल्या नळ्या गेल्या असत्या, तर पर्यटकांना हा ऑर्गन जुना वाटला असता आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला नवा.

आता मूळ गोष्टीकडे. याकोबी हे हॅम्बुर्गच्या पाच मुख्य लुथेरन चर्चांपैकी एक. चौदाव्या शतकापासून उभे राहिलेले हे विटांचे चर्च संत याकोबाच्या, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या संताच्या नावाने आहे. 1529 मध्ये योहानेस बुगेनहागेन याने हॅम्बुर्गसाठी नवी धर्मव्यवस्था लिहिली आणि शहर लुथेरन झाले. धर्मसुधारणेच्या काही पंथांनी चर्चमधले ऑर्गन बंद पाडले, पण लुथरच्या अनुयायांनी तसे केले नाही; उलट व्यापारात श्रीमंत झालेल्या हॅम्बुर्गमध्ये प्रत्येक मुख्य चर्चला शेजाऱ्यापेक्षा मोठा ऑर्गन हवा असे. त्या काळी वादक सगळ्या मंडळीच्या गाण्याला सतत साथ करीत नसे. एक कडवे मंडळी किंवा गायकवृंद गाई, पुढचे कडवे ऑर्गन एकट्याने ‘गाई’, आणि सायंप्रार्थनेच्या वेळी वादक एखाद्या भजनाच्या चालीवर दीर्घ विस्तार करी. आपल्याकडे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पेटी गायकाच्या मागे चालते. इथे वाद्य स्वतःच एक गायक होते, आणि म्हणूनच त्याच्या निरनिराळ्या आवाजांवर इतका पैसा खर्च झाला.

श्निटगर येण्यापूर्वीच याकोबीत मोठा ऑर्गन होता. शेरर घराण्यातल्या कारागिरांनी सोळाव्या शतकात त्यावर काम केले होते आणि गॉटफ्रीड फ्रिट्शे याने 1630 च्या दशकात त्याचा विस्तार केला. हिरोनिमुस प्रेटोरियुस त्यापूर्वी इथे वादक होता. 1655 ते 1674 या काळात मात्थियास वेकमान होता, ज्याची ऑर्गनवरची भजनविस्ताराची रचना आजही वादकाच्या बोटांची आणि बुद्धीची कसोटी पाहते. श्निटगरने जुने सगळे फेकून दिले नाही. चांगल्या नळ्या त्याने आपल्या वाद्यात सामावून घेतल्या. हा काटकसरीचा भाग होताच, कारण कथील महाग होते, पण त्यात कारागिराची पारखही होती. त्यामुळे वेकमानच्या कानांनी ऐकलेल्या काही नळ्या आजही त्या ऑर्गनमध्ये बोलत आहेत.

हे ओळखतात कसे, असे कोणी विचारील. नळी वायुपेटीतून उचलून हातात घेतली की तिच्या पायावर किंवा अंगावर कारागिराने अणकुचीदार हत्याराने ओढलेली अक्षरे दिसतात: स्वराचे नाव, कधी स्टॉपचे नाव. प्रत्येकाचे वळण वेगळे. एकाचे ‘ग’साठीचे अक्षर शेपटी लांब ओढलेले, दुसऱ्याचे आखूड, एक शेवटाला जोर देतो, दुसरा हलकेच उचलतो. धातूचा पत्रा आतल्या बाजूने पाहिला तर तो कसा ओतला आणि कसा ठोकला याच्या खुणा दिसतात, सांध्याचे डाख कोणत्या पद्धतीचे आहे ते दिसते. या सगळ्यांची जुळणी केली म्हणजे शेररची नळी, फ्रिट्शेची नळी आणि श्निटगरची नळी वेगवेगळ्या ओळखता येतात. आतल्या नळ्यांचा धातू बहुतांशी शिसे आणि थोडे कथील असा आहे. सतराव्या शतकातले कारागीर हा पत्रा वाळूच्या थरावर ओतीत; आधुनिक कारखान्यातल्या अतिशुद्ध शिशापेक्षा त्यात अल्प प्रमाणात इतर धातू असत आणि त्यामुळे तो पत्रा ताठ राही. स्वीडनमधल्या गोटेबोर्गच्या संशोधकांनी हे तंत्र पुन्हा शोधून काढले आणि त्याच्या आधारावर तिथल्या एका चर्चसाठी 2000 साली श्निटगरच्या धर्तीचा पूर्ण नवा ऑर्गन बांधला.

श्निटगरने याकोबीचे काम 1689 मध्ये हाती घेतले आणि 1693 मध्ये पुरे केले. साठ स्टॉप, हातांसाठी पट्ट्यांच्या चार ओळी आणि पायांसाठी एक, एकंदर सुमारे 4000 नळ्या. पट्ट्यांची प्रत्येक ओळ म्हणजे एक स्वतंत्र ऑर्गनच असतो, आणि तो प्रत्यक्षातही वेगळ्या जागी उभा असतो. सर्वांत खालच्या ओळीचा भाग वादकाच्या पाठीमागे सज्जाच्या कठड्यावर आहे, त्यामुळे तो श्रोत्यांना सर्वांत जवळून ऐकू येतो. मुख्य भाग वादकाच्या समोर वर, त्याच्या वर तिसरा, आणि वादकाच्या छातीच्या उंचीवर चौथा, लहानसा. पायपट्ट्यांच्या मोठ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांत. वादक एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला की नुसता आवाजाचा पोत बदलत नाही, तर आवाज येण्याची जागाही बदलते. ध्वनिमुद्रणात हे जवळजवळ हरवते. चर्चमध्ये मधल्या भागात बसून ऐकले तर कळते.

साठांपैकी पंधरा स्टॉप जिभेचे आहेत, आणि त्यांतले सहा पायपट्ट्यांचे. हे प्रमाण उत्तर जर्मन ऑर्गनची खरी ओळख आहे. दक्षिणेकडच्या ऑर्गनांत पाय बहुधा नुसता आधार देतो. इथे पायपट्ट्यांना स्वतःचा पूर्ण गायकवृंद दिलेला आहे, खालच्या 32 फुटीपासून वर 2 फुटी कर्कश शिंगासारख्या स्टॉपपर्यंत (स्टॉपला त्याच्या सर्वांत मोठ्या नळीच्या ढोबळ लांबीवरून असे ओळखतात). भजनाची मूळ चाल वादक पायांनी, वरच्या सुरात, जिभेच्या स्टॉपवर वाजवू शकतो आणि दोन्ही हात तिच्याभोवती नक्षी काढायला मोकळे राहतात. 32 फुटी सर्वांत लांब नळी नऊ मीटरच्या आसपास जाते. तिचा सूर कानापेक्षा बाकड्याच्या लाकडातून अधिक जाणवतो, आणि तो थांबला की मगच तो चालू होता हे लक्षात येते.

इथे एक गैरसमज बाजूला काढणे आवश्यक वाटते. ‘हा बाखचा ऑर्गन’ असे मार्गदर्शक उत्साहाने सांगतात. वस्तुस्थिती अशी की 1720 च्या सप्टेंबरमध्ये याकोबीचा वादक हाइनरिश फ्रीझे वारला आणि जागा रिकामी झाली. संगीतकार योहान सेबास्टियन बाख तेव्हा क्योटेनच्या राजपुत्राच्या सेवेत होता. नोव्हेंबरमध्ये तो हॅम्बुर्गला आला आणि जवळच्याच काथारीनेन चर्चमध्ये तिथला वृद्ध वादक योहान आडाम राइनकेन याच्यासमोर दोन तासांहून अधिक वाजवला. ‘बाबिलोनच्या नद्यांपाशी’ या भजनावर त्याने आयत्या वेळी जवळजवळ अर्धा तास विस्तार केला, तेव्हा ही कला मेली असे आपल्याला वाटत होते पण ती तुमच्यात जिवंत दिसते, असे राइनकेन म्हणाल्याचे बाखच्या मृत्युलेखात नोंदले आहे. याकोबीच्या जागेसाठीची परीक्षा 28 नोव्हेंबरला होती. त्यापूर्वीच बाखला आपल्या धन्याकडे परतावे लागले. शेवटी जागा योहान योआखिम हाइटमान याला मिळाली आणि त्याने चर्चच्या तिजोरीत 4000 मार्क भरले. नेमणुकीनंतर अशी ‘ऐच्छिक’ देणगी घेण्यात त्या काळी फारसे कोणाला वावगे वाटत नसे, पण याकोबीचा प्रवचनकार एर्डमान नॉयमाइस्टर याला ते खुपले. योहान मातेझोन या संगीतज्ञाने पुढे 1728 मध्ये लिहून ठेवले आहे की, बेथलेहेमच्या देवदूतांपैकी एखादा उतरून दैवी वाजवू लागला आणि याकोबीचा वादक होऊ इच्छू लागला, तरी पैसे नसतील तर त्याला परत उडून जावे लागेल, असे नाताळच्या प्रवचनात सुनावले गेले. बाखला हे वाद्य हवे होते, हे यावरून दिसते. तो त्याच्यावर नियमित वाजवीत होता, असे म्हणायला आधार नाही. हाइटमानविषयी मात्र इतिहासाला त्या 4000 मार्कांपलीकडे फारसे काही ठाऊक नाही, याचे मला कधी कधी वाईट वाटते. तो वादक म्हणून वाईटच होता, असे थोडेच आहे?

त्यानंतरच्या दोन शतकांत ऑर्गनमध्ये किरकोळ फेरफार झाले, पण त्याची आतली मांडणी टिकली. एकोणिसाव्या शतकात सगळ्या युरोपात व्हायोलिनसारखे मृदू, फुगत जाणारे आवाज देणारे नवे ऑर्गन बांधले जात होते आणि श्निटगरची वाद्ये पुष्कळ ठिकाणी मोडीत गेली. हॅम्बुर्गच्याच निकोलाय चर्चमधला त्याचा 67 स्टॉपचा, याकोबीपेक्षाही मोठा ऑर्गन 1842 च्या आगीत गेला. याकोबीचा राहिला. मग 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दर्शनी भागातल्या कथिलाच्या नळ्या सरकारने युद्धसामग्रीसाठी नेल्या आणि वितळवल्या. समोरच्या नळ्या कथिलाच्या असतात, कारण त्या चमकतात. आतल्या शिशाच्या असतात. कथिलाची गरज होती म्हणून दर्शनी नळ्या गेल्या आणि आतल्या राहिल्या, हे या ऑर्गनच्या नशिबातले पहिले वळण.

1919 मध्ये हान्स हेनी यान हा लेखक आणि त्याचा मित्र गॉटलीब हार्म्स यांच्या नजरेला हे दुर्लक्षित वाद्य पडले. यान कादंबऱ्या आणि नाटके लिहीत असे, आणि ऑर्गन-बांधणीचा अभ्यासही त्याने स्वतः केला. निधी उभारण्यासाठी लाइपत्सिगच्या ग्युंटर रामीन या वादकाचे वादन ठेवले गेले, 1925 मध्ये हॅम्बुर्ग-ल्युबेकला ऑर्गन-तज्ज्ञांची परिषद भरली, आणि जुन्या ऑर्गनांकडे पाहण्याची जर्मनीची दृष्टीच पालटली. त्या चळवळीने पुढे काही अतिरेकही केला. जुन्याच्या नावाखाली तिखट, कोरडे आवाज देणारे कारखानी ऑर्गन गल्लोगल्ली बसवले गेले, ज्यांचा श्निटगरशी संबंध कागदावरच होता. तरीही याकोबीकडे लक्ष वेधले गेले नसते तर पुढच्या युद्धात नळ्या उतरवून हलवण्याची तसदी कोणी घेतली असती की नाही, याची मला शंका वाटते.

ती तसदी घेतली गेली, हे महत्त्वाचे. हॅम्बुर्गवर बॉम्बफेक वाढली तशी नळ्या आणि वायुपेट्या काढून सुरक्षित ठेवण्यात आल्या. जून 1944 मध्ये चर्चवर बॉम्ब पडले. छत गेले, मनोऱ्याचे शिखर गेले, आणि ऑर्गनचे कोरीव आवरण जागेवरच होते ते जळाले. आजचे टोकदार आधुनिक शिखर युद्धानंतरचे आहे. जुन्या नळ्या प्रथम 1950 मध्ये चर्चच्या दक्षिणेकडच्या दालनात तात्पुरत्या मांडल्या गेल्या, आणि 1961 मध्ये ल्युबेकच्या केम्पर कार्यशाळेने त्या पश्चिमेच्या सज्जावर पुन्हा उभ्या केल्या. ते काम त्या काळाच्या समजुतीनुसार झाले होते. यंत्रणा, हवा आणि मांडणी श्निटगरची नव्हती, आणि जुन्या नळ्या जणू परक्या घरात राहत होत्या.

1989 ते 1993 या काळात लेअर गावच्या युर्गेन आरेंड यांनी जे केले त्याला मी आमच्या क्षेत्रातले या पिढीतले सर्वांत जबाबदारीचे काम मानतो. जुन्या वायुपेट्या दुरुस्त झाल्या. प्रत्येक जुनी नळी तपासून ती मुळात कोणत्या स्टॉपची, कोणत्या स्वराची, हे ठरवले गेले. आवरण, भाते, पट्ट्या, त्यांना जोडणारी यंत्रणा आणि दर्शनी भागातल्या कथिलाच्या नळ्या नव्याने करण्यात आल्या. ज्या नळ्या हरवल्या होत्या त्यांच्या जागी जुन्या मापांवरून नव्या आल्या. यात सर्वांत नाजूक काम असते ते नव्या नळीला जुनीच्या शेजारी बोलायला लावणे. ते पट्टीने मोजून होत नाही. ओठाशी पातीने केसभर धातू घेतला, पायाचे छिद्र किंचित बंद केले, ओठामागचा आतला पत्रा किंचित खाली दाबला, पुन्हा ऐकले, असे एकेक नळी घेऊन करावे लागते. नळी बोलायला लागते त्या पहिल्या क्षणी ती किंचित ‘फुसकारते’, आणि मग सूर धरते. जुन्या नळ्यांत हे फुसकारणे व्यंजनासारखे ऐकू येते. एकोणिसाव्या शतकापासून ते बुजवण्यासाठी नळीच्या आतल्या कडेला खाचा पाडण्याची प्रथा पडली होती. याकोबीचे आवाज आज स्पष्ट उच्चार करतात, ते ही व्यंजने राखल्यामुळे.

दुसऱ्या ऑर्गनचे कारण समजण्यासाठी आता सुरांच्या जुळवणीकडे यावे लागते, आणि इथे पेटी वाजवणाऱ्या मराठी माणसाला जर्मन पाहुण्यापेक्षा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे. याकोबीच्या मोठ्या ऑर्गनची पांढरी सहा 18 अंश सेल्सिअसला 495.45 हर्ट्झवर लावलेली आहे. आजचा प्रचलित मानसूर 440 चा. हा फरक सुमारे एका पूर्ण स्वराचा आहे. म्हणजे वादकाने पांढरी सहा दाबली की आजच्या पेटीची पांढरी सात ऐकू येते. जुन्या उत्तर जर्मनीत चर्चचा सूर असाच चढा असे. नळ्या आखूड लागत, धातू वाचे, आणि तीच परंपरा पडली. एकट्या वादनाला याने काही बिघडत नाही. पण आजचे व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंद सोबत घ्यायचा म्हटले की वादकाला सगळेच एक स्वर खाली सरकवून वाजवावे लागते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांमधल्या अंतरांची. आजची पेटी बारा समान भागांत विभागलेली असल्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो, ही आपल्याकडची जुनी तक्रार. आकाशवाणीने 1940 पासून पेटीवर कित्येक वर्षे बंदी घातली होती, त्यामागच्या कारणांत हेही एक होते, आणि बावीस श्रुतींच्या पेटीचे प्रयोगही यातूनच झाले. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग धरला, तर नैसर्गिक गांधार षड्जापासून 386 सेंटवर येतो, आणि पेटीचा 400 वर. श्निटगरच्या काळी पंचम थोडा थोडा उतरवून गांधार गोड करून घेण्याची पद्धत होती. आरेंड यांनी याकोबीसाठी त्या पद्धतीचा किंचित सौम्य केलेला प्रकार निवडला. नेहमीच्या पट्ट्यांत त्याचा गांधार सुमारे 391 वर येतो. ऐकणाऱ्याला तो जवळजवळ स्थिर, तरंग न उठणारा वाटतो, आणि मोठे स्टॉप एकत्र ओढले तरी आवाज कानाला बोचत नाही. याची किंमत काळी तीन, काळी चार यांसारख्या पट्टीवरून षड्ज धरला की चुकवावी लागते. तिथले गांधार फार चढे लागतात. शिवाय खालच्या सप्तकात काही काळ्या पट्ट्यांच्या नळ्याच नाहीत, कारण त्या सुरांची त्या काळच्या संगीताला गरज नव्हती आणि मोठ्या नळ्या महाग.

काही अभ्यासकांना ही निवड पुरेशी जुनी वाटत नाही. त्यांच्या मते सौम्य न केलेली, जुनी कडक जुळवणीच ठेवायला हवी होती. मला ती तडजोड मान्य आहे. ज्या वाद्यावर सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंतचे संगीत वाजणार, त्याला एका दशकाच्या चौकटीत अडकवून चर्चला काही लाभ नाही.

आता दुसरा ऑर्गन. तो 1960 च्या सुमाराचा, केम्पर कार्यशाळेचाच, आजच्या मानसुराचा आणि समान अंतरांचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मेंडेल्सझोनपासून विसाव्या शतकापर्यंतचे संगीत, आधुनिक वाद्यवृंदासोबतचे कार्यक्रम, आणि आजच्या भजनसंग्रहातली कोणत्याही पट्टीतली चाल त्यावर बिनधास्त वाजवता येते. पुष्कळ पाहुणे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे अन्यायाचे आहे. तो नसता तर चर्चच्या रोजच्या गरजांसाठी मोठ्या ऑर्गनवर दबाव आला असता, आणि असा दबाव आला की कोणीतरी समंजस चेहऱ्याने ‘थोडासा बदल’ सुचवतो. जुनी वाद्ये आगीत गेली त्यापेक्षा अशा थोड्याशा बदलांनी जास्त गेली आहेत. मानसूर बदलायचा म्हणजे नळ्या कापायच्या किंवा वाढवायच्या, आणि कापलेला धातू परत येत नाही. नंतर त्याच जागी तुकडा डाखावा लागतो. याकोबीचा जुना ऑर्गन जुना राहू शकतो, याचे बरेच श्रेय त्याच्या साध्या शेजाऱ्याला आहे.

देखभालीविषयीही थोडे सांगणे योग्य होईल. हवा एक अंशाने तापली की ओठाच्या नळ्यांचा सूर सुमारे 3 सेंटने चढतो, पण जिभेच्या नळ्या त्या प्रमाणात हलत नाहीत. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी जुळलेला ऑर्गन उन्हाळ्यात स्वतःशीच भांडतो. अशा वेळी जिभेच्या स्टॉपांतली, जीभ दाबून धरणारी तार किंचित वर-खाली ठोकून ते ओठाच्या नळ्यांना जुळवून घेतात. हजारो ओठाच्या नळ्यांना हात लावणे म्हणजे त्या झिजवणे. चर्चमध्ये हिवाळ्यात एकदम जोराची उष्णता सोडली तर वायुपेट्यांचे ओक सुकून तडकते आणि हवा नको त्या वाटेने जाते. ओकच्या लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून आणि काही डिंक-रंगांतून, ॲसिटिक आम्लाची वाफ निघते आणि ती शिशाच्या नळीचे पाय आतून खाते. ल्युबेकच्या याकोबी चर्चमधील श्टेलवागेन ऑर्गनवर या रोगाचा मोठा अभ्यास झाला आहे. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या नळीचा पाय बोटाने दाबला की पांढरी भुकटी हाती येते. तोवर फार उशीर झालेला असतो.

तुलनेने पाहायचे असेल तर हॅम्बुर्गमध्येच काथारीनेन चर्चला जावे. राइनकेनचा तो ऑर्गन 1943 मध्ये जळाला, आणि वाचलेल्या पाचशेच्या आसपास जुन्या नळ्या धरून नेदरलँड्सच्या फ्लेंट्रोप कार्यशाळेने तो 2013 मध्ये पुन्हा उभारला. ते उत्कृष्ट वाद्य आहे, पण त्याला मी पुनर्निर्मितीच म्हणेन. याकोबीचा प्रकार वेगळा: तिथे मुख्य गोष्ट टिकली आणि तिच्याभोवती घर नव्याने बांधले गेले. श्निटगरचे काम अजून कमी ढवळलेल्या रूपात ऐकायचे असेल, तर उत्तर समुद्राच्या बाजूच्या काप्पेल या खेड्यात जावे. हॅम्बुर्गच्या एका मठाच्या चर्चसाठी 1680 मध्ये बांधलेला ऑर्गन त्या खेड्याने 1816 मध्ये विकत घेतला, आणि आधुनिकीकरणासाठी पैसा नसल्यामुळे तो जवळजवळ तसाच राहिला. हॅम्बुर्ग शहराच्या हद्दीतल्या नॉयेनफेल्डेतही त्याचा 1688 चा ऑर्गन आहे. श्निटगरचे दफन तिथल्याच चर्चमध्ये झाले.

याकोबीत ऐकायला जाल तेव्हा शक्य असल्यास रविवारच्या उपासनेला जावे. मैफलीत वादक ऑर्गनची ताकद दाखवतो, उपासनेत ऑर्गन त्याचे नेमून दिलेले काम करतो. मधल्या भागात, मनोऱ्याकडे पाठ करून बसावे आणि नजर वर फिरवण्याचा मोह टाळावा. वेकमान किंवा त्याच काळातला ल्युबेकचा वादक बुक्स्टेहुडे यांची भजनविस्ताराची रचना असेल तर पायपट्ट्यांवरच्या चालीकडे लक्ष द्यावे. कार्यक्रम संपल्यावर परवानगी मिळाली आणि सज्जावर जाता आले, तर दर्शनी नळ्यांच्या फटीतून आत डोकावावे: पुढे चकाकणारे 1993 चे कथील, आणि त्याच्या मागे करड्या शिशाच्या रांगा, ज्यांतल्या काहींवर फ्रिट्शेच्या माणसांचे हस्ताक्षर अजून वाचता येते.